दुसरे ग्राफिक्स कार्ड जोडावे की अधिक समर्थ एकच घ्यावे? — दरेकसा परिसराच्या उपग्रहचित्रांच्या निमित्ताने एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

ज्या विभागांत उपग्रहचित्रांचे वर्गीकरण, भाषेची प्रतिमाने अथवा रेणूंच्या हालचालींचे गणित चालते, तेथे संगणकातील ग्राफिक्स कार्ड हे आता प्रयोगशाळेतील मुख्य उपकरण झाले आहे. मूलतः पडद्यावर चित्रे उमटविण्यासाठी निर्माण झालेले हे कार्ड एकाच प्रकारची सोपी आकडेमोड हजारो ठिकाणी एकाच वेळी करू शकते, आणि या गुणामुळेच ते संशोधकाच्या कामी आले. काम वाढले, विद्यार्थी वाढले, आणि आहे ते कार्ड अपुरे पडू लागले, की एक प्रश्न हटकून पुढे येतो. आहे त्याच कार्डाच्या शेजारी तसेच दुसरे बसवावे, की जुने काढून अधिक समर्थ असे एकच कार्ड घ्यावे?

हा प्रश्न वरकरणी खरेदीचा वाटतो. वस्तुतः तो कामाच्या घडणीचा आहे. विभागास अशी खरेदी चार-पाच वर्षांतून एकदा करता येते. निवड चुकली तर त्या काळातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रबंधाची व्याप्ती त्या चुकीने आखली जाते. मार्चअखेर अनुदान खर्ची पडावे या घाईत असा निर्णय होऊ नये, यास्तव त्यामागील तत्त्वांची मांडणी येथे एका ठोस उदाहरणाच्या आधारे करावयाची आहे.

२. उदाहरणाची निवड

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील दरेकसा हे ठिकाण हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावर, छत्तीसगडच्या सीमेलगत आहे. हाजरा धबधबा आणि गोंड समाजाच्या श्रद्धेचे स्थान असलेल्या कचारगडच्या गुहा याच परिसरात येतात. डोंगरउतारावरील पानझडी वन, सखल भागातील धानाची बांधी, मामा तलाव व लहान बोड्या, आणि डोंगरातून बोगद्याने जाणारा लोहमार्ग, असे भूरूपांचे मिश्रण येथे थोड्या अंतरात आढळते. वन कोणते, शेत कोणते आणि पाणी कोणते हे उपग्रहचित्रावरून यंत्राने ओळखावे, अशा अभ्यासास हा परिसर उत्तम आहे. कठीणही आहे, कारण पावसाळ्यात ढग चित्र झाकतात, पाणी भरलेली बांधी व उथळ बोडी यांच्यात चित्रावर फारसा भेद दिसत नाही, आणि उन्हाळ्यात पाने गळालेले वन मोकळ्या उतारासारखे भासते.

युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ या उपग्रहमालेची चित्रे अशा कामास विनामूल्य मिळतात. तिचा पहिला उपग्रह २०१५ साली व दुसरा २०१७ साली सोडण्यात आला. या चित्राचा एक चौकोनी तुकडा सुमारे ११० किलोमीटर लांब-रुंद असतो. १० मीटर सूक्ष्मतेच्या त्याच्या प्रत्येक पट्ट्यात १०,९८० गुणिले १०,९८०, म्हणजे सुमारे १२ कोटी बिंदू असतात. निळा, हिरवा, तांबडा व निकट-अवरक्त असे चार पट्टे घेतल्यास, प्रत्येक बिंदूस दोन बाइट धरून, कच्ची सामग्री एक गिगाबाइटच्या आत बसते. वर्षभरातील निरनिराळ्या तारखांची चित्रे घेतली की तिचा पसारा झपाट्याने वाढतो.

समजा, एका विभागाकडे एन्व्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०६० हे कार्ड आहे. त्याची स्वतःची स्मृती, जिला आपण व्यवहारात मेमरी म्हणतो, ती १२ गिगाबाइट आहे. त्या स्मृतीतून सेकंदाला ३६० गिगाबाइट सामग्री वाचली जाऊ शकते, आणि कार्डास १७० वॉट वीज लागते. विभागापुढे दोन मार्ग आहेत. तसेच दुसरे कार्ड आणावे, अथवा त्याऐवजी आरटीएक्स ३०९० या वर्गाचे, २४ गिगाबाइट स्मृतीचे व सेकंदाला ९३६ गिगाबाइट वाचणारे एक कार्ड घ्यावे. ते ३५० वॉट वीज घेते, म्हणजे दोन लहान कार्डांइतकीच. कागदावर दोन्ही बाजूंची स्मृती २४ गिगाबाइटच होते. मग भेद कशात राहिला?

३. दोन बारा म्हणजे चोवीस नव्हेत

पहिला भेद स्मृतीचा आहे, आणि बहुतेक चुकीच्या खरेद्या येथेच होतात. दोन कार्डांची स्मृती आपोआप एक होत नाही. प्रत्येक कार्डास आपल्याच स्मृतीतील सामग्री वेगाने दिसते. शेजारच्या कार्डातील सामग्री हवी असल्यास ती संगणकाच्या अंतर्गत मार्गाने मागवावी लागते. पीसीआय एक्स्प्रेस या मार्गाची चौथी पिढी, सोळा पदरांची पूर्ण रुंदी मिळाली तरी, एका दिशेने सेकंदाला सुमारे ३२ गिगाबाइट वाहून नेते. कार्डाच्या स्वतःच्या ३६० गिगाबाइटपुढे हा मार्ग चिंचोळा आहे. त्यातही सामान्य संगणकाच्या मदरबोर्डवर दुसरे कार्ड बसविले की सोळा पदर आठ-आठ असे विभागले जातात, किंवा दुसऱ्या खाचेस चारच पदर मिळतात.

दोन कार्डांवर काम वाटण्याची रूढ पद्धत अशी की प्रतिमानाची संपूर्ण प्रत प्रत्येक कार्डावर ठेवावयाची आणि चित्रांचे तुकडे निम्मेनिम्मे द्यावयाचे. हिलाच सामग्रीची विभागणी म्हणतात. हिच्यात प्रतिमान दोनदा साठविले जाते. दरेकसाच्या चित्राचे २५६ गुणिले २५६ बिंदूंचे तुकडे केल्यास एका चौकोनाचे १,८४९ तुकडे होतात; ते कोणत्याही कार्डावर सहज मावतात, आणि विभागणी सुरळीत चालते. परंतु विद्यार्थ्यास असे आढळले, की बोडी व बांधी यांतील फरक ओळखण्यास सभोवतालचा अधिक प्रदेश यंत्रास एकदम दिसला पाहिजे, आणि त्याने १,०२४ गुणिले १,०२४ बिंदूंचा तुकडा घेतला, तर क्षेत्र सोळापट होते. शिकवणीच्या वेळी मधल्या आकड्यांसाठी लागणारी स्मृतीही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. असा एकच तुकडा १२ गिगाबाइटमध्ये मावेनासा झाला, तर शेजारी दुसरे कार्ड असून सामग्रीच्या विभागणीत त्याचा काही उपयोग नाही. दोन लहान घागरी जवळ असल्या, तरी मोठा हंडा बुडेल एवढे पाणी त्यांपैकी एकीतही नसते.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. आकडे ३२ ऐवजी १६ बिटांत ठेवता येतात. मधले आकडे न साठविता गरजेच्या वेळी पुन्हा काढता येतात, मात्र त्यास वेळ अधिक लागतो. प्रतिमानाचेच दोन भाग करून एकेक भाग एकेका कार्डावर ठेवता येतो. या शेवटच्या मार्गाचे प्रसिद्ध उदाहरण २०१२ सालचे आहे. अ‍ॅलेक्स क्रिझेव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे ओळखणारे जे जाळे त्या वर्षी प्रसिद्ध केले, ते ३ गिगाबाइट स्मृतीच्या एका जीटीएक्स ५८० कार्डावर मावत नव्हते. म्हणून त्यांनी ते दोन कार्डांवर विभागले, आणि काही निवडक थरांतच दोन्ही भागांनी एकमेकांशी देवाणघेवाण करावी अशी रचना केली. दुसऱ्या कार्डाने येथे मोठे काम केले खरे. पण त्यासाठी प्रतिमानाची घडणच कार्डांच्या मर्यादेस जुळवून घ्यावी लागली. ज्या विद्यार्थ्याचा विषय वनांचे वर्गीकरण आहे, त्याने हा खटाटोप अंगावर घ्यावा काय, हे आधी ठरविले पाहिजे.

४. वेगाचा हिशेब

दुसरा भेद वेगाचा. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. कामाचा जो अंश वाटून घेता येत नाही, तो कितीही कामकरी वाढविले तरी तेवढाच राहतो, आणि अखेरीस एकूण वेग तोच ठरवितो.

समजा, दरेकसाच्या वर्षभराच्या चित्रांवर शिकवणीची एक फेरी १०० मिनिटांत पूर्ण होते. त्यांपैकी ४० मिनिटे डिस्कवरून चित्रे वाचणे, ती उलगडणे व ढगाळ तुकडे वगळणे यांत जातात, आणि ६० मिनिटे कार्डावरील गणितात. दुसरे कार्ड जोडल्यास साठाचे तीस होतात. एकूण ७० मिनिटे लागतात. कार्डे दुप्पट झाली, वेग मात्र १.४३ पट झाला. तिप्पट वेगाचे एक कार्ड घेतल्यास साठाचे वीस होतात. एकूण ६० मिनिटे. आता काहीही खरेदी न करता कार्यक्रमात एवढाच फेरफार करा, की कार्ड एका गटाचे गणित करीत असताना मुख्य प्रोसेसरने पुढील गट वाचून तयार ठेवावा. दोन्ही कामे समांतर चालल्याने एकूण वेळ त्यांतील लांबलेल्या कामाइतका, म्हणजे ६० मिनिटे होतो. जे महागड्या कार्डाने साधले, तेच चार ओळींच्या दुरुस्तीने साधले.

हिशेब येथेच थांबत नाही. ही दुरुस्ती झाल्यावर दुसरे कार्ड घ्या अथवा तिप्पट वेगाचे घ्या, दोन्ही प्रसंगी एकूण वेळ ४० मिनिटांच्या खाली जाणार नाही. कारण आता वाचन हाच अडसर उरला. अशा स्थितीत पैसे वेगवान डिस्कवर अथवा अधिक गाभ्यांच्या प्रोसेसरवर खर्च करणे शहाणपणाचे. कार्ड किती वेळ खरोखर कामात असते, हे एन्व्हिडियाच्या कार्डांबरोबर येणाऱ्या साधनाने क्षणोक्षणी पाहता येते. आठवडाभराची ही नोंद हाती नसताना कार्ड मागविणे म्हणजे ताप न मोजता औषध देणे होय.

विभागणीत आणखी एक खर्च असतो, तो समन्वयाचा. प्रत्येक पावलाच्या शेवटी दोन्ही कार्डांनी आपापल्या दुरुस्त्या एकमेकांस कळवून त्यांची सरासरी घ्यावी लागते. चित्रांचे भाग पाडण्यासाठी २०१५ सालापासून रूढ झालेल्या यू-नेट या जाळ्यात सुमारे ३ कोटी १० लाख गुणक असतात. प्रत्येकास चार बाइट धरल्यास एका पावलात सुमारे १२४ मेगाबाइटची देवाणघेवाण होते. सेकंदाला ८ गिगाबाइटच्या मार्गाने यास साधारण १६ मिलिसेकंद लागतात, आणि सामग्री मुख्य स्मृतीतून वळसा घेऊन गेल्यास त्याहून अधिक. गणिताचे एक पाऊल २०० मिलिसेकंदांचे असेल तर हा भार सोसण्याजोगा आहे. ते २० मिलिसेकंदांचे असेल तर लाभाचा मोठा वाटा दळणवळणातच जिरून जातो. तसेच दोन कार्डे असमान असतील, तर प्रत्येक पावलास वेगवान कार्ड मंद कार्डासाठी थांबून राहते.

५. गाडी एक की दोन?

या ठिकाणी लोहमार्गाची उपमा अर्थ स्पष्ट करण्यास साहाय्यक होईल. कर्जत ते लोणावळा आणि कसारा ते इगतपुरी या घाटांत चढ ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. तेथे गाडीस मागून रेटण्यासाठी जादा इंजिने जोडतात. रेल्वेच्या भाषेत त्यांस बँकर म्हणतात. गाडी एकच असल्याने पुढच्या व मागच्या इंजिनांस मेळ राखूनच चालावे लागते. याउलट दरेकसाच्या मार्गावरून एकामागून एक दोन स्वतंत्र मालगाड्या सोडावयाच्या असतील, तर प्रत्येकीस आपले इंजिन पुरते, आणि एकाने दुसऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. जड गाडी एक आहे की हलक्या गाड्या अनेक आहेत, हे पाहिल्याविना इंजिनांची मागणी कोणी नोंदवीत नाही.

संशोधनात हलक्या अनेक गाड्यांचे प्रसंग पुष्कळ येतात. निष्कर्षाची विश्वासार्हता तपासण्यासाठी परिसराचे पाच भाग पाडून, प्रत्येक वेळी एक भाग परीक्षेसाठी बाजूस ठेवून, शिकवणी पाच वेळा करण्याचा प्रघात आहे. शेजारचे तुकडे एकमेकांसारखेच असल्याने हे भाग भूप्रदेशाने वेगळे असावे लागतात. तसे न केल्यास यंत्र पाठांतरावरच उत्तीर्ण होते. या पाच फेऱ्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत. एका फेरीस एक दिवस लागत असेल, तर एका कार्डावर पाच दिवस, दोन कार्डांवर तीन दिवस, आणि दुप्पट वेगाच्या एका कार्डावर अडीच दिवस लागतील. पाच ही विषम संख्या असल्याने शेवटच्या दिवशी दोहोंपैकी एक कार्ड रिकामे बसते, एवढाच काय तो फरक. मात्र दोन कार्डांवर दोन विद्यार्थी एकाच वेळी काम करू शकतात आणि एक बिघडले तरी दुसरे चालू राहते. ज्या विभागात चौघांना एकच यंत्र वाटून घ्यावे लागते, तेथे हे मूल्य लहान नाही.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. ज्यास आपण 'एक समर्थ कार्ड' म्हणतो, तेही आतून अनेकच असते. आरटीएक्स ३०६० मध्ये ३,५८४ आणि आरटीएक्स ३०९० मध्ये १०,४९६ लहान गणकघटक असतात. रेल्वेच्या १२,००० अश्वशक्तीच्या डब्ल्यूएजी-१२ या इंजिनाचीही दोन अंगे कायमची जोडलेली असून एकाच चालकाच्या हाती असतात. तेव्हा वाद एक की अनेक असा नसून, अनेकांचा मेळ कोणी राखावयाचा असा आहे. एका कार्डाच्या आत तो मेळ निर्मात्याने राखलेला असतो. दोन कार्डांमध्ये तो आपणांस, आपल्या कार्यक्रमातून, राखावा लागतो.

६. इतिहासाची साक्ष

दोन कार्डे जोडण्याची कल्पना प्रथम खेळांच्या चित्रांसाठी आली. थ्रीडीएफएक्स कंपनीने १९९८ साली वूडू-२ या कार्डांच्या जोडीत पडद्याच्या ओळी आलटून पालटून वाटल्या. एन्व्हिडियाने २००४ साली व एटीआयने २००५ साली आपापल्या जोडपद्धती आणल्या. त्यांत बहुधा एक चौकट एका कार्डाने व पुढील चौकट दुसऱ्याने रेखाटावी अशी योजना असे. चौकटींची संख्या वाढे, परंतु त्यांमधील अंतर असमान होऊन चित्र अडखळे. स्मृती दोन्हीकडे तीच भरावी लागे, आणि प्रत्येक खेळासाठी वेगळी तजवीज करावी लागे. १ जानेवारी २०२१ पासून एन्व्हिडियाने जुन्या कार्डांसाठी अशी नवी तजवीज पुरविणे थांबविले. आरटीएक्स ३०९० वर दोन कार्डे जोडणारा वेगळा वेगवान दुवा होता. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर तो ठेवला नाही. तात्पर्य, खेळांसाठी हा प्रश्न निकालात निघाला आहे. तेथे उत्तर एकच समर्थ कार्ड. गणितासाठी मात्र तो जिवंत आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे मोठे रूप पूर्वीच पाहावयास मिळाले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तेव्हा महासंगणक म्हणजे क्रे कंपनीच्या यंत्रासारखे थोड्या पण अत्यंत समर्थ प्रोसेसरांचे यंत्र, असे समीकरण होते. आणि असे यंत्र परदेशातून मिळविण्यात निर्बंधांचा अडथळा होता. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने ट्रान्सप्युटर नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. मोठे एक मिळत नव्हते म्हणून लहान अनेक जोडले गेले. पण अनेकांवर काम वाटण्याची विद्या त्याबरोबर संपादन करावी लागली. याच संस्थेचा २०२० सालचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक एन्व्हिडियाच्या ए१०० कार्डांवर उभारलेला आहे. तेथे कार्डे समर्थही आहेत आणि अनेकही. आणि त्यांना जोडणाऱ्या मार्गांवर कार्डांइतकीच काळजी घेतलेली आहे.

७. निर्णयाची रीत

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम असा लावता येईल.

प्रथम, कार्ड खरोखर पूर्ण वेळ कामात आहे काय, हे मोजावे. ते वारंवार रिकामे बसत असेल, तर वाचनाची व्यवस्था सुधारावी. खरेदीचा विचार पुढे ढकलावा.

दुसरे, काम थांबते ते स्मृती अपुरी पडल्याने की वेळ अपुरा पडल्याने, हे ठरवावे. एकच प्रतिमान अथवा एकच तुकडा मावत नसेल, आणि स्मृती वाचविण्याचे उपाय करून झाले असतील, तर अधिक स्मृतीचे एक कार्ड घ्यावे. मात्र गरज त्याच्याही पलीकडची आहे काय, तेही पाहावे. ७०० कोटी गुणकांचे भाषाप्रतिमान १६ बिटांत नुसते ठेवण्यास १४ गिगाबाइट लागतात. तेच रूढ पद्धतीने संपूर्ण शिकवावयाचे झाल्यास, दर गुणकास सुमारे १६ बाइट या हिशेबाने, ११२ गिगाबाइट लागतात. तेथे विभागाच्या कपाटातील कोणतेही एक कार्ड पुरणार नाही. राष्ट्रीय महासंगणकावर वेळ मागणे हाच मार्ग.

तिसरे, वेळ अपुरा पडत असेल आणि कामे स्वतंत्र व अनेक असतील, तर दुसरे कार्ड योग्य. अशा वेळी दोन्ही कार्डे समान असण्याचीही गरज नाही. नवे समर्थ कार्ड घेऊन जुने शेजारी ठेवावे, आणि लहान कामे त्यास द्यावीत.

चौथे, पेटी उघडून पाहावी. दुसऱ्या खाचेस किती पदर मिळतात, वीजपुरवठा किती वॉटचा आहे, आणि दोन कार्डांमधून हवा खेळते काय, हे तपासावे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेथे एकमेकांस चिकटून बसलेली दोन कार्डे तापून आपला वेग आपणच कमी करतात. मोठ्या एका कार्डाबाबतही ही चिंता सुटत नाही. २०२५ च्या आरटीएक्स ५०९० या एकट्या कार्डास ५७५ वॉट लागतात.

आपल्या उदाहरणातील विभागाने यास अनुसरून काय करावे? तुकडे २५६ बिंदूंचे आहेत, पाच स्वतंत्र फेऱ्या करावयाच्या आहेत, आणि यंत्र वापरणारे अनेक आहेत, तोवर दुसरे साधे कार्डच हिताचे. बोडी व बांधी यांतील भेदासाठी मोठा तुकडा अनिवार्य आहे असे लहान प्रयोगाने सिद्ध झाले, तर मात्र २४ गिगाबाइटचे एक कार्ड घ्यावे. म्हणजे निर्णय अखेरीस दरेकसाच्या भूमीवर, तेथील पाणी व पीक किती अंतरावरून ओळखू येते या प्रश्नावर येऊन ठेपतो. यंत्राची निवड संशोधनाच्या प्रश्नातून निघाली पाहिजे. प्रश्नच यंत्राच्या मापाने कापला जाऊ लागला, तर खरेदी कितीही स्वस्त असली तरी ती महागच पडली असे समजावे.